गिऱ्हाइकाला जीबी सांगता, मग जात का सांगत नाही?

कापडाच्या पेढीवर आलेले गिऱ्हाईक नुसते "दहा मीटर कापड द्या" असे कधी म्हणत नाही. पॉपलिन की केम्ब्रिक, सुती की टेरिकॉट, पन्हा किती, धुतल्यावर आटेल किती, ही विचारणा झाल्याशिवाय ताका उलगडत नाही. गिऱ्हाइकाने विचारले नाही तरी दुकानदाराने आपण होऊन सांगावे, अशी आपल्या बाजाराची जुनी रीत आहे. पण हेच गिऱ्हाईक मुलासाठी सत्तर-ऐंशी हजार रुपयांचे हातात धरून खेळण्याचे गेम मशीन घ्यायला जाते, तेव्हा एकच प्रश्न विचारते, "किती जीबी?" विकणाराही एक आकडा सांगून मोकळा होतो. आमच्या मते हा आकडा म्हणजे अर्धा सौदा आहे. उरलेला अर्धा सौदा तोंडातच राहतो आणि पुढची भांडणे त्यातूनच निघतात.

आमचा धंदा कापडाचा. मग या विषयात आम्ही का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आमच्या बाजारपेठांत कापडाच्या दुकानांना लागूनच मोबाईल दुरुस्तीचे गाळे आहेत. ज्या घरांत पूर्वी शिलाई मशीन, घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त होत, त्या घरांतील मुले आज या गाळ्यांत सूक्ष्म स्क्रू फिरवीत बसलेली दिसतात. त्यांच्याकडे आता ही गेम मशीने साठवण वाढवून घेण्यासाठी येऊ लागली आहेत. हे काम त्यांच्या हुन्नरात बसणारे आहे. पण माप आणि जात यांचा गोंधळ असाच चालू राहिला, तर हा धंदा बाळसे धरण्याआधीच बदनाम होईल. म्हणून हे चार शब्द.

माल काय आहे?

ही मशीने म्हणजे पूर्वीचे कॅसेट घालून खेळायचे खेळणे नव्हे. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीचा 'स्टीम डेक' फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आला, तो म्हणजे हातात मावणारा पूर्ण संगणकच. त्यामागून २०२३ मध्ये असूसचा 'आरओजी अॅलाय' आणि लेनोवोचा 'लीजन गो' आले. स्टीम डेक आला तेव्हा त्याची भारतात अधिकृत विक्री नव्हती. जो माल इथे आला तो परदेशातून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी किंवा आयात करणाऱ्यांनी आणला. अॅलाय मात्र जुलै २०२३ मध्ये भारतात रीतसर विक्रीस आला, त्याची किंमत ६९,९९० रुपये होती. निन्टेन्डो कंपनीचे 'स्विच' हे २०१७ सालचे मशीनही आपल्या बाजारात बाहेरूनच येत राहिले.

यातले खेळ मोठे जड असतात. 'रेड डेड रिडेम्प्शन २' किंवा 'बाल्डर्स गेट ३' यांसारख्या एकेका खेळाला कंपनीनेच १५० जीबी जागा लागेल असे सांगितले आहे. अशा परिस्थितीत ६४ जीबीचे मशीन घेणे म्हणजे चार खणांच्या कपाटात लग्नघरचे सामान भरण्यासारखे आहे. म्हणून साठवण वाढवण्याची गरज खरी आहे. ती कोणी दुकानदाराने उभी केलेली नाही.

जाती किती आणि कोणत्या?

साठवणीची पहिली जात म्हणजे ईएमएमसी. स्वस्त फोन आणि टॅबमध्ये हीच असते. वेग सेकंदाला फार तर ४०० एमबी. स्विचमध्ये हीच जात वापरली गेली, २०१७ च्या मशीनमध्ये ३२ जीबी आणि २०२१ च्या ओलेड मशीनमध्ये ६४ जीबी.

दुसरी जात एनव्हीएमई एसएसडी. ही संगणकाच्या पीसीआय एक्स्प्रेस नावाच्या रुंद रस्त्याने चालते. त्या रस्त्याची तिसरी पिढी असेल तर सेकंदाला साधारण ३,५०० एमबीपर्यंत आणि चौथी पिढी असेल तर ७,००० एमबीच्या आसपास वेग मिळू शकतो. दोन्ही जातींवर '२५६ जीबी' असे छापलेले असू शकते. आकडा एक, पण माल वेगळा. एका दराने विकायचा हा माल नव्हे.

तिसरी जात मायक्रोएसडी कार्ड. या मशीनमध्ये चालणाऱ्या नेहमीच्या कार्डाचा वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास अडतो. चौथी जात नवी आहे, मायक्रोएसडी एक्स्प्रेस. दिसायला तेच नखाएवढे कार्ड, पण आतून ते एनव्हीएमईच्याच पद्धतीने चालते आणि त्याची कागदावरची मर्यादा सेकंदाला ९८५ एमबीपर्यंत जाते. जून २०२५ मध्ये आलेल्या 'स्विच २' मध्ये खेळ साठवण्यासाठी हे एक्स्प्रेस कार्डच लागते. जुने कार्ड त्यात घातले तर त्यावरची चित्रे आणि व्हिडिओ पाहता येतात, खेळ चालत नाही. ज्या दुकानदारांकडे जुन्या कार्डांचा साठा पडून आहे, त्यांनी तो "स्विचला चालते" एवढेच सांगून खपवू नये. कोणत्या स्विचला चालते, हे सांगणे त्यांचे काम आहे.

जातीचा फरक पैशात किती मोठा होतो, याचे उत्तम उदाहरण स्टीम डेकचेच आहे. २०२२ मध्ये त्याच्या तीन किंमती होत्या. ६४ जीबी ईएमएमसी ३९९ डॉलर, २५६ जीबी एनव्हीएमई ५२९ डॉलर आणि ५१२ जीबी एनव्हीएमई ६४९ डॉलर. महागड्या मशीनला वेगळी, कमी चकाकणारी काच होती, हे खरे. पण प्रोसेसर तोच, रॅम तीच, बॅटरी तीच. खालच्या आणि वरच्या मशीनमध्ये २५० डॉलरचा फरक मुख्यतः साठवणीचा. त्यात विशेष गोष्ट अशी की ६४ जीबीच्या मशीनमधली ईएमएमसीसुद्धा बोर्डाला डाग देऊन चिकटवलेली नव्हती. ती एम.२ खाचेत बसवलेल्या सुट्या पट्टीवर होती. म्हणजे स्वस्त मशीन घ्यावे, पट्टी काढावी आणि मोठा ड्राइव्ह बसवावा, असा मार्ग मोकळा होता. जगभरच्या कारागिरांनी तो ओळखला आणि तिथून या धंद्याला तोंड फुटले.

पन्हा चुकला तर कापड वाया

एम.२ ड्राइव्हवर २२३०, २२४२, २२८० असे आकडे असतात. पुष्कळ लोक तो मॉडेल नंबर समजतात. तो नंबर नव्हे, ते माप आहे. पहिले दोन आकडे रुंदीचे, म्हणजे २२ मिलिमीटर. पुढचे दोन लांबीचे, ३०, ४२ किंवा ८० मिलिमीटर. आपल्या भाषेत सांगायचे तर पन्हा सर्वांचा एक, लांबी निरनिराळी.

स्टीम डेकमध्ये २२३० बसतो. पहिल्या आरओजी अॅलायमध्येही २२३० च. लीजन गोमध्ये २२४२. जुलै २०२४ मध्ये आलेल्या अॅलाय एक्समध्ये मात्र असूसने २२८० ची जागा दिली, म्हणजे साध्या लॅपटॉपला आणि संगणकाला लागणारा लांब ड्राइव्ह त्यात बसतो. दुकानदाराच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. २२८० चा माल प्रत्येक संगणकाच्या दुकानात असतो, निवड भरपूर आणि भाव स्पर्धेचा. २२३० ची मागणी लहान, त्यामुळे तो तेवढ्याच जीबीला पुष्कळदा महाग पडतो.

इथेच लोभ शिरतो. २०२२ मध्ये काही हौशी लोकांनी स्टीम डेकची आतील रचना थोडी सरकवून त्यात लांब २२४२ ड्राइव्ह बसवला आणि तो प्रकार जगभर गाजला. व्हॉल्व्हच्या एका डिझायनरने लगेच जाहीरपणे सांगितले की असे करू नका. चार्जिंगची चिप फार तापते, तिच्याजवळचे उष्णता वाहून नेणारे पॅड हलवता कामा नयेत आणि २२४२ चे बहुतेक ड्राइव्ह जास्त वीज ओढतात व जास्त तापतात. मशीन सुरुवातीला चालते, पण त्याचे आयुष्य घटते. आमचे कारागीर बंधूंना सांगणे आहे की दोन पैसे स्वस्त मिळाले म्हणून चुकीचे माप कोंबू नका. शिंप्याने कमी कापडात शर्ट बसवला तर पहिल्या दिवशी तो अंगात जातो. काखेत केव्हा उसवतो, ते गिऱ्हाइकालाच कळते.

वेग किती विकावा?

वेगाच्या नावाखालीही बराच माल विकला जातो. स्टीम डेकचा रस्ता तिसऱ्या पिढीचा आहे. त्यात चौथ्या पिढीचा ड्राइव्ह बसवला तर तो चालतो, पण तिसऱ्या पिढीच्याच वेगाने. तेव्हा ७,००० चा आकडा दाखवून डेकवाल्या गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घेणे म्हणजे घाटाच्या रस्त्यासाठी शर्यतीची मोटार विकणे होय. काही वेळा बाजारात चौथ्या पिढीचाच माल मिळतो, तिसऱ्याचा मिळत नाही. मग तोच घालावा लागेल. पण वेगाचे पैसे वेगळे मागू नयेत.

दुसरी गोष्ट, खेळ सुरू होताना आणि एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना ड्राइव्हचे काम जास्त असते. एकदा मजकूर रॅममध्ये आला की पुढे प्रोसेसर आणि ग्राफिक्सचे काम. म्हणून छोटे आणि जुने खेळ चांगल्या मायक्रोएसडी कार्डवरूनही समाधानकारक चालतात. ज्या मुलाला असेच खेळ खेळायचे आहेत, त्याच्या वडिलांना मशीन उघडून नवा ड्राइव्ह बसवण्याचा खर्च सांगण्याऐवजी चांगले कार्ड देणे हे प्रामाणिक दुकानदाराचे लक्षण आहे. आज त्याचा खर्च वाचवलात, तर उद्या तो चार माणसे घेऊन येईल.

कार्डाच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. पहिल्या आरओजी अॅलायमध्ये उष्णतेमुळे कार्ड वाचणारा भाग काही परिस्थितीत बिघडू शकतो, हे असूसने २०२३ मध्ये स्वतः मान्य केले. असे मशीन समोर आले तर कार्डच्या जोरावर सौदा न करता आतील ड्राइव्ह मोठा करणे शहाणपणाचे.

गज, मीटर आणि टीबी

आता मापाकडे येऊ. जुन्या व्यापाऱ्यांना गज आणि मीटरचा घोळ आठवत असेल. १०० गज कापड मीटरने मोजले तर ९१ मीटर ४४ सेंटिमीटर भरते. कोणी कापड कापून घेतलेले नसते, मोजपट्टी वेगळी असते. ड्राइव्हचेही असेच आहे. कारखानदार १ टीबी म्हणजे १००० जीबी मोजतो, विंडोज मात्र १०२४ च्या हिशेबाने मोजून ९३१ जीबी दाखवते. ५१२ जीबीचे ४७६ जीबी दिसतात. त्यातही मशीनची स्वतःची व्यवस्था काही जागा घेते. गिऱ्हाईक घरी जाऊन हे पाहते आणि त्याला वाटते, दुकानदाराने मारले. हे दोन वाक्यांत आधीच समजावून सांगितले तर भांडण होत नाही. विकताना गप्प बसायचे आणि तक्रार आल्यावर शास्त्र सांगायचे, ही रीत बरी नव्हे.

ही झाली प्रामाणिक तूट. अप्रामाणिक तूट वेगळी. बाजारात अशी कार्डे येतात की ज्यांच्या आतील चिप खरोखर ३२ किंवा ६४ जीबीची असते, पण तिच्या नियंत्रकाला खोटे बोलायला शिकवलेले असते. मशीनमध्ये घातले की ते ५१२ जीबी दाखवते. खरी जागा भरेपर्यंत सगळे ठीक चालते. त्यानंतर जे लिहिले जाते ते हवेत जाते आणि कधी कधी आधीचेही पुसले जाते. मुलाचा सहा महिन्यांचा खेळ एका रात्रीत नाहीसा होतो. हा माल ओळखण्याचा उपाय फुकट आहे. 'एच२टेस्टडब्ल्यू' आणि 'एफ३' ही साधने कार्ड पूर्ण भरून आणि पुन्हा वाचून खरी जागा सांगतात. वेळ लागतो, पण प्रत्येक नव्या खेपेतील दोन-चार नग तपासल्याशिवाय माल मांडू नये. आम्ही गाठ उघडून वरचे, मधले आणि तळचे ठाण बघतो, तसेच हे.

तिसरी गोष्ट काढलेल्या ड्राइव्हची. २२३० ड्राइव्ह अनेक कंपन्यांच्या पातळ लॅपटॉपांत असतात. त्यांतून काढलेला माल मोठ्या प्रमाणावर विकला जातो. काढलेला माल विकणे हा गुन्हा नव्हे. आपल्याकडे कट पीसचा धंदा उजळ माथ्याने चालतोच. पण कट पीस कट पीस म्हणूनच विकावा. ड्राइव्ह स्वतःच किती तास चालला आणि त्यावर किती लिहिले गेले याची नोंद ठेवतो. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' सारख्या फुकट साधनाने ती नोंद गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवावी.

चौथी गोष्ट सुताच्या नंबरासारखी. फ्लॅश चिपच्या एका कप्प्यात किती नोंदी भरतात त्यावर तिची टिकाऊ शक्ती ठरते. टीएलसीमध्ये तीन आणि क्यूएलसीमध्ये चार. चार भरल्या की माल स्वस्त होतो, पण जास्त लिहिल्यावर लवकर झिजतो आणि मोठी फाइल उतरवताना दमतो. खेळ एकदा उतरवून पुन्हा पुन्हा वाचायचा असेल तर क्यूएलसीही चालतो, आम्ही त्याला वाईट म्हणत नाही. पण क्यूएलसी देऊन टीएलसीचा भाव घेणे वाईटच.

कारागिराचे काम

ड्राइव्ह बदलणे अवघड नाही, पण घाईचे काम नव्हे. स्टीम डेकच्या पाठीला आठ स्क्रू आहेत. पाठ उघडण्यापूर्वी मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढावेच लागते. ते राहिले तर उघडताना कार्ड तुटते. ही एक विसर कित्येकांना महाग पडलेली आहे. त्यानंतर धातूचे आवरण, मग बॅटरीची जोडणी सोडवणे आणि मगच ड्राइव्हला हात. जुन्या ड्राइव्हवरचे संरक्षक वेष्टन काढून नव्यावर चढवायचे असते, ते कचऱ्यात टाकायचे नसते. पहिल्या डेकचे पाठीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुततात, फार आवळले तर आटे जातात. नोव्हेंबर २०२३ च्या ओलेड मशीनमध्ये व्हॉल्व्हने धातूचे आटे देऊन ही अडचण दूर केली.

यंत्राइतकेच महत्त्व आतल्या मजकुराला. नवा ड्राइव्ह कोरा असतो. डेकसाठी व्हॉल्व्ह मूळ व्यवस्था फुकट देते, ती पेन ड्राइव्हवर घेऊन भरता येते. अॅलायमध्ये असूसने इंटरनेटवरून विंडोज परत भरण्याची सोय दिलेली आहे. विंडोजच्या मशीनमध्ये मजकूर पुष्कळदा कुलुपबंद असतो, त्याची किल्ली गिऱ्हाइकाच्या खात्यात आहे की नाही हे काम हाती घेण्यापूर्वी पाहावे. आणि गिऱ्हाइकाचे खेळातले जतन केलेले टप्पे वाचवून ठेवावेत. मोठ्यांना तो पोरखेळ वाटेल, पण मुलाच्या लेखी मशीनपेक्षा तेच मोलाचे असते.

काढलेल्या जुन्या ड्राइव्हचे काय? याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. तो गिऱ्हाइकाचा माल आहे. चांगला शिंपी उरलेले कापड घडी करून शर्टाबरोबर परत देतो. ज्याच्या दुकानातून चिंधीही परत येत नाही, त्याच्याबद्दल मोहल्ल्यात काय बोलले जाते ते सर्वांना माहीत आहे. शिवाय त्या ड्राइव्हमध्ये गिऱ्हाइकाची खाती, फोटो, पैशांच्या व्यवहारांच्या खुणा राहिलेल्या असू शकतात. तो परत द्यावा. गिऱ्हाईक विकायला तयार असेल तर त्याच्या समोर पुसून, किंमत ठरवून, पावती करून घ्यावा.

बांधलेले गिऱ्हाईक

कंपन्यांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. सोनी कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये 'व्हिटा' हे मशीन आणले, तेव्हा त्याला फक्त स्वतःचेच मेमरी कार्ड चालेल अशी व्यवस्था केली. अमेरिकेत ३२ जीबीच्या त्या कार्डाची किंमत सुमारे १०० डॉलर होती, बाजारातले तेवढेच साधे कार्ड त्याहून कितीतरी स्वस्त होते. २०१९ मध्ये व्हिटाचे उत्पादन थांबले. ती कार्डे व्हिटाच्या घराण्याबाहेरच्या कोणत्याही मशीनला चालत नाहीत. व्यापाऱ्याने यातून घ्यायचा धडा असा की ज्या मालाला एकच दार आहे, त्याचा साठा फार करू नये.

याउलट व्हॉल्व्हने ऑक्टोबर २०२१ मध्ये, मशीन विक्रीस येण्यापूर्वीच, ते कसे उघडते याची चित्रफीत स्वतः प्रसिद्ध केली आणि पुढे सुटे भाग विकण्यासाठी आयफिक्सिट या कंपनीशी करार केला. त्याच चित्रफितीत, आपण होऊन उघडू नका, नुकसान होऊ शकते, असेही बजावले होते. आम्हाला ही पद्धत योग्य वाटते. धोका सांगावा, पण दार बंद करू नये. भारत सरकारनेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोबाईल फोन व टॅब यांचा समावेश केला. हातातली गेम मशीनेही त्याच रांगेत यावीत, अशी आमची मागणी आहे. दुरुस्ती ही दयेने मिळणारी सवलत नसून, पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूच्या मालकीचाच तो भाग आहे.

यावर कोणी म्हणेल की मशीन उघडल्याने गॅरंटी जाईल. ही भीती निराधार नाही. गॅरंटीच्या मुदतीत असलेले मशीन असेल तर तसे स्पष्ट सांगून, गिऱ्हाइकाची लेखी संमती घेऊनच हात लावावा. पण परदेशातून आलेल्या आणि इथे सेवा केंद्रच नसलेल्या मशीनच्या मालकाला गॅरंटीची भीती दाखवण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी चांगला कारागीर हेच सेवा केंद्र आहे.

स्वस्तातला माल आणि उसना माल

अलीकडे चार-सहा हजारांची छोटी चिनी मशीनेही मिळतात. जुन्या काळचे खेळ हजारोंनी भरलेले कार्ड घालूनच ती येतात. त्यांच्यासोबतची कार्डे बहुधा हलकी असतात आणि लवकर दगा देतात. म्हणून घेतल्याबरोबर चांगले कार्ड घालणे हिताचे. पण भरून दिलेले खेळ हे दुसऱ्याच्या कारखान्याचे डिझाइन चोरून छापण्यासारखे आहे. आमच्या धंद्यात डिझाइनच्या चोरीने चांगल्या चांगल्या कारखानदारांचे नुकसान झालेले आपण पाहतो. "कार्डमध्ये दहा हजार खेळ भरून मिळतील" अशी पाटी लावणाऱ्या बंधूंनी याचा विचार करावा. यात आज पैसे दिसतात, पण बरकत दिसत नाही, आणि कायद्याचा धोका वेगळाच.

भाव चढलेले असताना

शेवटी भावाविषयी. २०२२ ते २०२४ या काळात स्वस्त मशीन घेऊन ड्राइव्ह बदलणे हा बहुतेक वेळा फायद्याचा सौदा होता. २०२५ च्या उत्तरार्धापासून हवा बदलली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांनी मेमरी आणि फ्लॅश चिपांची मागणी इतकी वाढवली की साध्या गिऱ्हाइकाच्या वाट्याचा माल आखडला आणि भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने 'क्रुशल' या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना माल विकण्याचा आपला अनेक वर्षांचा धंदा बंद करण्याचे जाहीर केले. कापसाचे भाव चढले की सुताचा व्यापारी जसा सावध होतो, तसे इथेही सावध राहावे. कालच्या भावाने आजचे काम कबूल करू नये. ड्राइव्हची किंमत आणि मजुरी वेगवेगळी सांगावी, म्हणजे माल महागला तरी कारागिराची मजुरी महागल्याचा संशय येत नाही. आणि ज्या गिऱ्हाइकाला मोठ्या साठवणीचे तयार मशीनच स्वस्त पडते, त्याला तसे सांगून वाटेला लावावे.

टंचाईच्या काळात खोटा माल जास्त निघतो, हे कोणत्याही बाजारातल्या जुन्या माणसाला विचारा. म्हणूनच हे सर्व आज सांगण्याची निकड आहे. व्यापारी आणि कारागीर बंधूंना आमची विनंती एवढीच की साठवण विकताना किंवा बदलताना पावतीवर सात गोष्टी लिहा: जात, लांबीचे माप, कंपनीने सांगितलेली जागा आणि मशीनवर दिसणारी जागा, नवा की काढलेला, मालाची किंमत, मजुरी, आणि जुना ड्राइव्ह परत दिल्याची नोंद. या सात ओळी लिहायला पाच मिनिटे लागतात. एका गल्लीतल्या चार गाळेवाल्यांनी मिळून तसे छापील पावती पुस्तक करून घेतले तर खर्चही फार येणार नाही, आणि गिऱ्हाइकालाही कोणत्या गाळ्यात जावे हे कोणाला विचारावे लागणार नाही.